तीन वाद्यवृंदांच्या मधोमध

कॉलर वर करा, नदीवरचा वारा बोचतोय. १९५८ च्या मार्चमधली संध्याकाळ आहे आणि तुम्ही जर्मनीतल्या कोलोनमध्ये ऱ्हाइनचा पूल चालत ओलांडताय. शेजारून आगगाडी धडधडत जाते, पायाखालचं लोखंड थरथरतं. मागे कॅथेड्रलची काळवंडलेली शिखरं, घराघरांतल्या कोळशाचा धूर, आणि बॉम्बनी पाडलेल्या इमारतींच्या अजून रिकाम्याच पडलेल्या जागा.

पलीकडच्या प्रदर्शन-संकुलातल्या ऱ्हाइनसाल सभागृहात शिरा. ओला कोट काउंटरवर द्या, नंबराचा बिल्ला सांभाळा. दमट लोकर, सिगारेट आणि इथलंच ४७११ अत्तर, सगळं एकदम नाकात भरतं. गर्दीत खांद्याला खांदा घासतोय. सरका पुढे, लाजू नका.

खुर्ची मिळाली? आता बघा, मंच एक नाही, तीन आहेत: डावीकडे, समोर, उजवीकडे. मिळून १०९ वादक. तिन्हीकडे वेगळा कंडक्टर: इटलीचा ब्रूनो मादेर्ना, फ्रान्सचा पिएर बुलेझ आणि ही रचना लिहिणारा, अवघ्या २९ वर्षांचा कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझन. रचनेचं नाव ‘ग्रुपेन’.

सुरू झालं! गुणगुणायला चाल शोधत असाल तर नाद सोडा. डावीकडे एक लय, समोर दुसरी, उजवीकडे तिसरीच. मिरवणुकीत तीन ढोलपथकं एका चौकात भिडली की होतो तसा कल्लोळ. फक्त हा कल्लोळ मोजूनमापून कागदावर उतरवलेला आहे. तिघं कंडक्टर हात चालवता चालवता एकमेकांवर नजर ठेवून आहेत. कुठे गाईच्या गळ्यातल्या घंटा किणकिणतात, कुठे पोकळ लाकूड टकटकतं, मध्येच चक्क इलेक्ट्रिक गिटार झणकारते. आणि मग पितळी वाद्यं! एकच स्वरपुंज या मंचावर फुगतो, विरायच्या आत त्या मंचावर उभा राहतो, तिथून तिसऱ्यावर. तुमची मान गर्रकन वळते, शेजाऱ्याचीही. खुर्च्या करकरतात, बरगड्यांत कंप जाणवतो, कपाळावर घाम येतो.

वीस-बावीस मिनिटांत सगळं शांत. पण उठून जाऊ नका. मध्ये बुलेझचा पियानो सोनाटा आहे आणि त्यानंतर ‘ग्रुपेन’ पुन्हा एकदा! या वेळी जागा बदला. मघाशी लांबून आलेला ट्रॉम्बोन आता थेट कानाशी गरजतो, आणि मघाची जवळची व्हायोलिनं कुठेतरी दूर गेलेली असतात.

कान बधिर झाले असतील तर पूल ओलांडून बिअरघर गाठा. पेला छोटासाच, २०० मिलिलिटरचा. पण रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो. पुरे झालं की पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवा.

आजच्या काळात परतल्यावर हीच रचना इअरफोनवर लावाल, तर निम्मी मजा जाईल. डावा-उजवा भेद कळेल, पण अंगाभोवती तीन बाजूंनी उसळणारा आवाज तिथे नाही. कुठे ‘ग्रुपेन’चा प्रत्यक्ष प्रयोग होतोय असं कळलं, तर मधली खुर्ची पकडा. दुसऱ्यांदा गेलात तर मुद्दाम कडेची घ्या.