मॉडिफाय केलेली कार पीयूसीत पास होते का? अमरावती-अकोल्याच्या गाडीप्रेमींना माहीत हव्यात अशा गोष्टी

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. असा रस्ता हाताशी असला की गाडीत जरा जास्त दम असावा, असं वाटणं साहजिक आहे. वऱ्हाडात फेरारी-पोर्शे क्वचितच दिसते. इथली स्पोर्ट्स कार म्हणजे बहुधा मालकाने हौसेने काम करून घेतलेली पोलो, सिटी किंवा स्विफ्ट. ईसीयू रिमॅप, मोकळा सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर असं सगळं बसतं आणि पीयूसीची मुदत संपत आली की धाकधूक सुरू होते.

पीयूसीत नेमकं काय मोजतात?

नोंदणीला एक वर्ष झाल्यावर प्रत्येक गाडीला पीयूसी लागते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा काढावी लागते, त्याहून जुन्यांना दर ६ महिन्यांनी.

बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल कारसाठी गाडी आयडलवर असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही कमाल मर्यादा आहे. मग इंजिन साधारण २५०० आरपीएमवर धरतात. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत हवा आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. बीएस-२ आणि बीएस-३ कारना सवलत जास्त आहे: ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. डिझेल गाडीत धुराचा दाटपणा मोजतात.

मॉडिफिकेशनमुळे आकडा का बिघडतो?

पहिलं कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. एक्झॉस्टमधल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचं रूपांतर तिथे कमी घातक वायूंमध्ये होतं. आवाज आणि ताकद वाढावी म्हणून हा डबाच काढला, तर ०.३ टक्क्याच्या आत येणं जवळपास अशक्य.

दुसरं कारण रिमॅप. ताकदीसाठी पेट्रोल जास्त सोडलं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. एक्झॉस्टमधून फटाके फुटल्यासारखा आवाज काढणारा मॅप तर पेट्रोल मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळतो. त्या उष्णतेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर खराब होतो.

तिसरं कारण इथलं हवामान. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेली हवा विरळ असते. ईसीयू असलेली गाडी त्यानुसार पेट्रोल कमी करते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ते जमत नाही, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल जास्त होतं.

तपासणीआधी काय बघायचं?

- गाडी १५-२० मिनिटं चालवून मग केंद्रावर न्यावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांना तापल्यावरच नीट काम करतो. घराशेजारच्या केंद्रावर थंड गाडी नेली तर चांगली गाडीही नापास होऊ शकते.
- एक्झॉस्टच्या जोडांतून गळती नको. तिथून बाहेरची हवा आत शिरली की लॅम्डाचा आकडा चुकतो.
- स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्यावेत. मिसफायर होत असेल तर हायड्रोकार्बन लगेच वाढतात.
- इंजिन ऑइल जुनं झालं असेल तर बदलावं. ऑइलमध्ये मिसळलेल्या पेट्रोलची वाफही आकडा वाढवते.
- चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर आधी मेकॅनिककडे जावं.

पास झाली, म्हणजे कायदेशीर झाली?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. पीयूसी फक्त धूर तपासते. गाडीत केलेला बदल चालेल की नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ठरवतं. आरसीवरची माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट बसवता येतं, पण त्याची आरसीवर नोंद लागते.

बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषण आणि आवाजाच्या नियमभंगासाठी कलम १९०(२) आहे. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिने अपात्र ठरू शकतं. तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून चलनावरचा आकडा वेगळा दिसतो.

उलट बाजूही आहे. पेट्रोल कारच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही. त्यामुळे कागदावर पास झालेली रिमॅप गाडी हवा खराब करत असूच शकते.

कॅलिफोर्नियात काय करतात?

तिथे बहुतेक गाड्यांची स्मॉग चेक दर दोन वर्षांनी होते. तपासनीस बॉनेट उघडून सुटे भाग बघतो. उत्सर्जनाशी संबंध असलेला बाहेरचा भाग बसवलेला असेल, तर त्याला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. क्रमांक नसेल तर धूर स्वच्छ असूनही गाडी नापास होते. ताकद वाढवायला तिथे बंदी नाही, पण तो भाग आधी तपासून मंजूर झालेला असावा लागतो.

खरी परीक्षा १५ व्या वर्षी

खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर ५ वर्षांसाठी नूतनीकरण करताना एमएच-२७ची गाडी अमरावतीत आणि एमएच-३०ची अकोल्यात प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. तिथे नळीतल्या धुराबरोबर अख्खी गाडी बघितली जाते. इंजिन नंबर, चॅसिस नंबर, रंग, इंधन हे सगळं आरसीशी जुळावं लागतं.

म्हणून काढलेले मूळ सुटे भाग, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मूळ सायलेन्सर, भंगारात देऊ नयेत. नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर महाग पडतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही पीयूसीचा कागद बघून समाधान मानू नये, गाडी लिफ्टवर चढवून खालून तो डबा जागेवर आहे का ते बघावं. नाव ट्रान्सफर झाल्यावर चलन आधीच्या मालकाला नाही, नव्या मालकालाच येतं.