न्यूयॉर्कमधलं बॉम्बे

ऑफिसात पत्त्यांचा डेटा साफ करायचं काम होतं. 'बॉम्बे' दिसलं की 'मुंबई' करायचं, असा एका ओळीचा नियम मी लिहिला. टेस्टिंगमध्ये एक पत्ता विचित्र दिसला. शहर मुंबई, राज्य न्यूयॉर्क. कुणीतरी फॉर्म चुकीचा भरला असेल, असं वाटलं. नकाशा उघडला, तर गाव खरंच होतं.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, फ्रँकलिन काउंटीत, कॅनडाच्या सीमेजवळ हे बॉम्बे आहे. २०१० च्या जनगणनेत वस्ती साडेतेराशेच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीतही याहून जास्त माणसं राहतात.

नाव दिलं मायकल होगनने. हा आयरिश जहाजाचा कप्तान. १७९६ मध्ये 'मार्क्विस कॉर्नवॉलिस' या जहाजातून त्याने आयरिश कैदी सिडनीला पोचवले. पुढे तो न्यूयॉर्कला आला, व्यापार केला आणि उत्तरेत जमिनी घेतल्या. त्याची बायको पूर्वी मुंबईत राहिलेली. तिच्या शहराचं नाव त्याने या मुलखाला दिलं. १८३३ मध्ये फोर्ट कव्हिंग्टनमधून वेगळं काढून बॉम्बे हे स्वतंत्र टाउन झालं. तिला भारतीय राजकन्या करून टाकणाऱ्या दंतकथाही आहेत.

इथेच थांबलो असतो, तर ही एक गोड प्रेमकथा झाली असती. पण ती जमीन काही रिकामी नव्हती. शेजारीच मोहॉक लोकांचं अक्वेसास्ने आहे. या नावाचा अर्थ सांगतात तो असा: जिथे तितर पंखांचा ढोल वाजवतो ती जागा. होगन कैदी घेऊन सिडनीला पोचला, त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याशी झालेल्या तहात मोहॉकांकडे मुख्यतः सहा मैल लांब, सहा मैल रुंद एवढाच तुकडा उरला. त्यातलेही काही भाग राज्याने नंतर घेतले. त्यावरचा दावा १९८२ मध्ये कोर्टात गेला. आणि अक्वेसास्नेमधल्या नदीकाठच्या एका वस्तीला होगनचंच नाव चिकटलं, होगन्सबर्ग.

२०१६ मध्ये मोहॉकांनी होगन्सबर्गचं जुनं धरण काढून टाकलं आणि सेंट रेजिस नदीत माशांची वाट मोकळी झाली. आता त्यांच्या कार्यालयाच्या पत्त्यातही होगन्सबर्गऐवजी अक्वेसास्ने लिहिलेलं असतं.

मला १९९५ आठवलं. तेव्हा 'बॉम्बेचं मुंबई झालं' असं म्हटलं गेलं. पण माझ्या आजीच्या तोंडी ती कायम मुंबईच होती. बदलला तो सरकारी कागद. अक्वेसास्नेचंही तेच.

मग न्यूयॉर्कमधल्या बॉम्बेचं काय? तिथे जवळपास दोनशे वर्षं माणसं त्याच नावाने घरचा पत्ता सांगतायत. ते नाव मी इथे बसून दुरुस्त करणं म्हणजे होगनसारखंच वागणं झालं असतं.

नियमात एक अट वाढवली: देश भारत असेल तरच.