ॲझो बंधापासून चेतापेशीपर्यंत

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये ॲझो रंग बहुतेकांनी बनवलेला असतो. ॲनिलीन, हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम नायट्राइट, सगळे बर्फात, 0 ते 5 अंश सेल्सिअसला. मग बीटा-नॅफ्थॉल ओतले की भडक केशरी-लाल साका खाली बसतो. कळंब, उमरगा किंवा भूमच्या कॉलेजात हा प्रयोग एप्रिलमध्ये लागला तर रसायनांपेक्षा बर्फाचीच जुळवाजुळव जास्त. साका वाळवायचा, वितळबिंदू काढायचा, जर्नलवर सही घ्यायची, की विषय संपला. माझे म्हणणे असे, की विषय तिथे सुरू होतो. त्या रंगांच्या कुळाची ओळख असलेला, दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध वापरून आज जिवंत प्राण्याच्या चेतापेशी प्रकाशाने चालू-बंद करता येतात.

या बंधाचे साधे उदाहरण म्हणजे ॲझोबेंझिन. त्याचे नेहमीचे ‘ट्रान्स’ रूप सपाट आणि लांब असते. सुमारे 360 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की रेणू मध्येच वाकतो आणि ‘सिस’ होतो. निळा प्रकाश त्याला पुन्हा बराचसा सरळ करतो. (बीटा-नॅफ्थॉलच्या रंगात शेजारचा हायड्रॉक्सिल गट या हालचालीच्या आड येतो, म्हणून आपला केशरी साका इथे कामाचा नाही.) हे वाकडे रूप हार्टली यांनी 1937 मध्ये दाखवले. आता चेतापेशीकडे पाहा. तिचा संदेश म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड या आयनांची पटलातून होणारी ये-जा, आणि ही ये-जा प्रथिनांच्या वाहिन्यांमधून होते. सरळ असताना वाहिनीचे तोंड अडवणारा आणि वाकल्यावर ते मोकळे करणारा रेणू बनवला, की संदेशाचा ताबा दिव्याकडे जातो.

हे पहिल्यांदा जमले वीजमाशावर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड अर्लांगर आणि सहकाऱ्यांनी माशाच्या वीज निर्माण करणाऱ्या पेशींवर ॲझो संयुगे वापरली आणि 1971 मध्ये दाखवले, की एक रूप ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीला जागे करते, दुसरे जवळजवळ निष्क्रिय राहते. त्यानंतर मात्र हा धागा कितीतरी वर्षे फारसा कोणी ओढला नाही. 2004 मध्ये बर्कलीत ट्राउनर, क्रेमर आणि आयझॅकॉफ यांच्या गटांनी मुद्दाम बदललेल्या पोटॅशियम वाहिनीला असा रेणू जोडून चेतापेशी प्रकाशाच्या हुकमात आणली. पुढच्याच वर्षी शेवाळातले प्रकाशसंवेदी प्रथिन चेतापेशीत घालणारी ऑप्टोजेनेटिक्सची पद्धत आली आणि सगळे वलय तिच्याभोवती जमले. तिची ताकद मोठीच, पण तिच्यासाठी पेशीत परके जनुक घालावे लागते. रसायनाने काम भागले तर औषधासारखे द्यायचे, ओसरले की परिणाम थांबतो. मला तरी या शाखेचे खरे बळ इथेच दिसते.

2012 मध्ये एएक्यू नावाचे संयुग, प्रकाशग्राही पेशी नष्ट झालेल्या आंधळ्या उंदरांच्या डोळ्यात टोचले गेले. जनुकात काहीही न बदलता त्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देऊ लागल्या. अडचण एकच: त्याला तीव्र अतिनील प्रकाश लागत होता, आणि असा प्रकाश माणसाच्या डोळ्यात टाकणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर. रेणूतले गट बदलून साध्या पांढऱ्या प्रकाशाला जागणारी पुढची संयुगे आली, आणि त्यांतल्या बेनॅकची ऑस्ट्रेलियात रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णांवर प्राथमिक चाचणीही झाली. त्याच 2012 साली प्रोपोफॉल या भूलऔषधाला ॲझो गट जोडून बेडकाच्या पिल्लांना भूल दिली गेली. जांभळा प्रकाश पडला की ती जागी होत.

प्रकाशाने जागणारे औषध मराठवाड्याच्या वाचकाला परके नाही. बावचीचे बी कोडावर लावून उन्हात बसण्याचा जुना उपचार आहे, आणि त्यातले सोरालेन 1933 मध्ये भारतीय रसायनज्ञांनीच वेगळे केले. पण सोरालेन अतिनील प्रकाशात डीएनएला कायमचे चिकटते, परत सुटत नाही. (घरच्या घरी बावची लावून अंगावर भाजल्यासारखे फोड येतात ते यामुळेच.) चेतापेशीला उलट, सतत सोडता-धरता येणारा रेणू हवा.

जवळचे काम पुण्यात आहे. आयसरमध्ये पिनाकी तालुकदार यांच्या गटाने 2019 मध्ये प्रकाशाने सुटा होऊन पेशीपटलातून क्लोराइड वाहून नेणारा रेणू प्रसिद्ध केला. तो चेतापेशींसाठी नाही. पण मेंदूतले गाबा ग्राही ज्या आयनाला वाट देऊन बहुधा पेशीला शांत करतात, तो क्लोराइडच.

धाराशिवच्या विद्यापीठ उपपरिसरात रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे दोन्ही विभाग आहेत, म्हणून इथल्या विद्यार्थ्याला एक सुचवतो. या क्षेत्राची अडलेली जागा रसायनाची आहे. अतिनील आणि निळा प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही. लाल जास्त जातो. लाल प्रकाशाला वाकणारा, पाण्यात विरघळणारा आणि शरीरात टिकणारा रेणू एकत्र साधणे कठीण आहे. सुरुवात मोजण्यापासून करावी. हातमोजे घालून ॲझोबेंझिनचे इथेनॉलमधले विरळ द्रावण करा, 365 नॅनोमीटरच्या एलईडीखाली ठेवा आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आलेख काढा. मग ते अंधारात ठेवून रोज एकदा पुन्हा मोजा: वाकडे रूप सावकाश, काही दिवस घेत सरळ होताना दिसेल. मिथाइल ऑरेंजवर हाच प्रयोग करू नका. पाण्यात ते इतक्या झटपट परतते की साध्या उपकरणाला त्याचा पत्ताही लागत नाही.