टोपीचे धुराडे



परवा नातवाच्या वाढदिवसाला सायकलचे हेल्मेट आणले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "आजोबा, याला एवढी भोकं का? फुटकं दिलं का दुकानदारानं?" सूनबाई हसली. मी मात्र एकदम पासष्ट-सत्तर वर्षे मागे गेलो. हाच प्रश्न मी माझ्या आजोबांना विचारला होता. फरक एवढाच, की त्यांच्या टोपीला भोक एकच होते आणि तेही मीच शोधून काढले होते.

आमचे आजोबा (त्यांना सगळे तात्या म्हणत) नीरेच्या डाव्या कालव्यावर ओव्हरसीअर होते. धोतर, वर खाकी कोट आणि डोक्यावर सोला हॅट असा त्यांचा कामावरचा वेष. मला कळू लागले तोवर ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण हॅट ओसरीच्या खुंटीवर होतीच. आजी तिला माजघरात येऊ देत नसे, "साहेबाचं टोपडं" म्हणे. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका दुपारी सगळे झोपलेले पाहून मी पाट ठेवून ती हॅट खाली काढली. तिच्या अगदी माथ्यावर एक बोंडासारखे बटण होते. मी ते पिळले, तर फिरकीच्या झाकणासारखे निघूनच हातात आले आणि खाली टोपीला आरपार भोक. मी मोडली, असे समजून मला रडूच फुटले.

तात्या उठले. मला वाटले, आता पाठीत धपाटा. पण त्यांनी बटण हातात घेऊन विचारले, "काय रे, धुराडं काढलंस होय टोपीचं?" मग त्यांनी टोपी उलटी करून दाखवली. आत डोक्याभोवती बसणारा कातडी पट्टा होता, पण तो टोपीला सगळीकडे चिकटलेला नव्हता. पट्टा आणि कवच यांच्यामध्ये जागोजाग बुचाचे छोटे तुकडे बसवून बोटभर फट राखलेली होती. बटणही भोकावर घट्ट बसत नव्हते, त्याच्या कडेखाली जरा मोकळी जागा होती. म्हणजे वरून ऊन-पाऊस आत यायचा नाही, पण हवा बाहेर जाऊ शकेल. तात्यांनी देवघरातली पेटती उदबत्ती आणली आणि टोपी हातात धरून खालून आत धरली. थोड्या वेळाने बटणाखालून धुराची बारीक रेघ बाहेर आली. मला ती जादू वाटली.

जादू कसली, आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या धुराड्याचीच युक्ती ती. डोक्याने तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, माथ्यावरच्या भोकातून निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या फटीतून नवी हवा आत येते. माझे विज्ञानाचे एक सहकारी वर्गात सांगत, की एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर कॅलरी उष्णता लागते, पण एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली जवळजवळ 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र घाम वाळला तरच. बंद टोपीखालची हवा दमट झाली, की घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. त्या भोकाचे आणि त्या फटीचे काम एवढेच, की दमट हवा साचू द्यायची नाही.

हा खटाटोप मुळात साहेबाच्या स्वतःच्या देशातला. तिकडच्या कडक फेल्टच्या आणि रेशमी उंच टोप्यांतून वारा जात नाही, डोके घामेजते. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या टोपीवाल्यांनी माथ्याला बारीक भोके पाड, आतल्या पट्ट्यामागे पन्हळीसारखी पट्टी घाल, असे अनेक प्रयोग केले. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कात जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्यातही अशा हवेशीर टोप्या मांडलेल्या होत्या. पण लंडनला ती चैन होती. हिंदुस्थानात तो जिवाचा प्रश्न झाला.

आपल्याकडे युरोपियनांना नावच मुळी 'टोपीकर' पडले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हा शब्द आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच टोपी हीच त्यांची ओळख होती. पण ती टोपी इथल्या उन्हासाठी केलेली नव्हती. 1858 साली झाशी घेऊन सर ह्यू रोज काल्पीकडे निघाला. मे महिन्यात वाटेत कोंच येथे तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजेशी लढाई झाली. त्या एका दिवसात कित्येक गोरे सोल्जर उन्हाने कोसळले आणि खुद्द रोजलाही अनेकदा ऊन लागून घोड्यावरून उतरावे लागले. त्याच वर्षी ज्युलियस जेफ्रीज या डॉक्टरचे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्यावरचे पुस्तक निघाले. हा गृहस्थ कंपनी सरकारच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात राहून गेलेला. त्याचे म्हणणे असे, की शिपायाला उन्हापासून वाचवायचे तर त्याच्या आणि उन्हाच्या मध्ये हवेचा थर ठेवा. डोक्यावरच्या टोपासाठीही त्याने हाच विचार मांडला.

सोला हॅट या सगळ्याला अगदी सोयीची निघाली. शोला ही बंगालच्या दलदलीत वाढणारी वनस्पती. तिच्या दांड्यातला गर पांढराशुभ्र आणि पिसासारखा हलका असतो. बंगालचे मालाकार कारागीर त्याच गरापासून नवरदेवाचा टोपोर नावाचा मुकुट आणि दुर्गेचे दागिने करतात. त्या गराच्या पातळ पट्ट्या साच्यावर थरावर थर चिकटवायच्या, वर कापड चढवायचे, आत पट्टा आणि माथ्यावर बटण बसवायचे, की हॅट तयार. इंग्रजांनी शोल्याचे 'सोला' केले आणि पुढे अर्थ लावण्याच्या नादात 'सोलर', म्हणजे सूर्याची टोपी, करून टाकले. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात ही गंमत नोंदवलेली आहे.

इथवर सगळे शहाणपणाचे झाले. सावली, हलकेपणा आणि खेळती हवा, यात चुकीचे काही नाही. पण पुढे टोपीभोवती एक शास्त्र उभे राहिले आणि तिथे घोटाळा झाला. ऊन लागते ते उष्णतेने नव्हे, तर सूर्याच्या काही अदृश्य किरणांनी, ते गोऱ्या माणसाची कवटी भेदून मेंदूपर्यंत जातात, असे डॉक्टर मंडळी सांगू लागली. मग ढगाळ दिवशीही टोपी, तंबूतही टोपी. पाठीच्या कण्यावर बांधायच्या गाद्या निघाल्या. अमेरिकेच्या सैन्याने तर 1908 च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये प्रयोगच केला. निम्म्या शिपायांना त्या किरणांना अडवतील म्हणून नारिंगी-तांबड्या रंगाचे आतले कपडे दिले, निम्म्यांना नेहमीचे पांढरे. रंगीत कपड्यांचा फायदा तर काही झाला नाहीच, उलट त्या शिपायांना जास्त उकडले!

आणि मग साहजिकच प्रश्न आला, की त्याच उन्हात राबणाऱ्या काळ्या माणसाचे काय? त्यालाही उत्तर तयार होते. त्याची कवटी जाड असते! जॉर्ज ऑरवेल तरुणपणी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. त्याने 1944 साली एका लेखात या समजुतीची चांगली खिल्ली उडवली. गोऱ्याची कवटी पातळ आणि नेटिव्हाची जाड, या कल्पनेवर ती टोपी म्हणजे राज्यकर्त्यांची खूणच कशी उभी होती, ते त्याने दाखवले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात गोरे सैन्य साध्या मऊ हॅट घालून लढले आणि त्या अदृश्य किरणांनी कुणाचे काही बिघडले नाही. टोपीचा दबदबा संपला. मायदेशी परतणारे साहेब लोक पोर्ट सैद आले, की आपली टोपी समुद्रात भिरकावून देत.

हे वाचल्यावर आपण हसतो. मीही हसलो होतो. पण मग मला तात्यांचे एक वाक्य आठवले. उदबत्तीच्या त्याच दुपारी मी त्यांना विचारले होते, "कालव्यावरच्या माणसांच्या टोपीला पण असं धुराडं असायचं?" तात्या म्हणाले, "त्यांना कुठली टोपी? त्यांना लागत नाही ऊन. सवय असते त्यांना." तात्या काही दुष्ट नव्हते. खोदाईवरच्या लोकांना माठातले पाणी मिळावे म्हणून साहेबाशी भांडलेला माणूस. पण मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या डोक्यावर चुंबळ आणि पदर, पुरुषांच्या डोक्यावर मळके मुंडासे, हे त्यांना झाडा-दगडाइतके स्वाभाविक वाटत होते. साहेब 'कवटी' म्हणत होता, तात्या 'सवय' म्हणाले.

आणि मी? आता लिहायलाच बसलो आहे तर तेही लिहितो. साधारण 1980 ची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो, तिथे एक मेचे झेंडावंदन. मुले साडेसातपासून मैदानात रांगेत उभी. पाहुणे आले दहा वाजता आणि मग त्यांचे भाषण. रांगांची जबाबदारी माझ्याकडे होती. मी डोक्याला पांढरी टोपी घालून लिंबाच्या सावलीत उभा होतो. एका तरुण बाईंनी दोनदा येऊन सांगितले, "सर, मुलांना खाली तरी बसू द्या." मी म्हणालो, "खेड्यातली मुलं आहेत बाई, सवय असते त्यांना." दहा मिनिटांत सहावीतली एक मुलगी धाडकन पडली. शिपाईमामांनी तिला उचलून व्हरांड्यात नेले, पाणी मारले. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली, हे माझे नशीब. पण तोंड उघडताना माझ्या तोंडातून तात्यांचे वाक्य जसेच्या तसे आले होते, हे माझ्या ध्यानात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

सवय ही खोटी गोष्ट नाही. उन्हात रोज काम केले, की आठ-पंधरा दिवसांत शरीर जास्त आणि लवकर घाम गाळायला शिकते. पण तो घाम वाळायला हवाच लागते आणि गाळायला पाणीच लागते. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानात भरदुपारी उघड्यावर बसलेली माणसे उष्माघाताने गेली, त्यांतल्या कितीतरी जणांचा जन्म उन्हातान्हात गेलेला असणार. कवटी सगळ्यांची सारखीच.

असो. नातवाला मी हेल्मेटची भोके उदबत्ती धरून समजावून दिली. त्याला जादू वगैरे वाटली नाही, तो म्हणाला, "म्हणजे व्हेंटिलेशन." मग खिडकीत उभा राहून समोरच्या नव्या इमारतीचे काम बघत होता. तिथल्या मजुरांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या असतात. त्याने विचारले, "आजोबा, त्यांच्या हेल्मेटला आहेत का भोकं?"

मला इथून दिसेना. पण या वेळी 'त्यांना सवय असते' असे म्हणालो नाही. संध्याकाळी फिरायला जाताना आम्ही दोघे तिकडून गेलो आणि त्यांच्या मुकादमाला विचारले. भोके नव्हती. दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवता येईल का, हेही विचारले. तो म्हणाला, "साहेबांना विचारतो." बघू या.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून जुनी सोला हॅट असेल, तर तिच्या माथ्यावरचे बटण जरा पिळून पाहा आणि मला कळवा. आमची मात्र वाडा पाडला तेव्हा कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही.