एका लिटरवर दोन कर

पेट्रोल पंपावरचा दर आपण नेहमी पाहतो. त्यात तेलाची किंमत किती व कर किती, हा हिशेब मात्र सहसा करीत नाही. या हिशेबाचा एक महत्त्वाचा धागा वऱ्हाडातून जातो.

1938 साली अमरावती व अकोला हे जिल्हे 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होते. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च प्रांताकडे, पण उत्पन्नाची साधने तुटपुंजी. प्रांतिक सरकारने त्या वर्षी कायदा करून पेट्रोल व वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा 5 कर बसविला.

केंद्र सरकारने हरकत घेतली. देशात तयार होणाऱ्या मालावर उत्पादन शुल्क घेण्याचा अधिकार केंद्राचा. हा कर त्याचेच दुसरे रूप आहे, असे त्याचे म्हणणे. प्रांताने उत्तर दिले की, 1935 च्या कायद्याने मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांना दिला आहे. प्रश्न फेडरल कोर्टाकडे सल्ल्यासाठी गेला. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान व मुकुंद रामराव जयकर या तिन्ही न्यायमूर्तींनी डिसेंबर 1938 मध्ये प्रांताच्या बाजूने कौल दिला. एक कर मालाच्या निर्मितीवर, दुसरा विक्रीवर. म्हणून दोन्ही एकाच लिटरवर बसू शकतात.

ही विभागणी पुढे राज्यघटनेतही आली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, जकात व स्थानिक संस्था कर गेले. पेट्रोल मात्र त्या कराबाहेर ठेवले गेले. म्हणून केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर, दोन्ही उरले.

आता थोडे गणित करू. आकडे सोयीचे घेऊ. करापूर्वीची किंमत 60 रुपये, केंद्राचे शुल्क 20 रुपये; बेरीज 80. राज्याचा कर शेकडा 25 धरला, तर तो 60 वर नव्हे, 80 वर बसतो. म्हणजे 20 रुपये. ग्राहकाला पडले 100. येथे करावरही कर लागला.

अकोल्याजवळ गायगावला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. अमरावती अकोल्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. समजा, दूरच्या गावी टँकरचे भाडे लिटरमागे 1 रुपया जास्त पडले. तेथे बेरीज 81 आणि कर 20.25; दर 101 रुपये 25 पैसे. कराचा दर तोच, पण लांबच्या गावाने भाड्याबरोबर भाड्यावरचा करही भरला.

याखेरीज राज्य लिटरमागे ठराविक अधिभारही घेते. 2015 च्या ऑक्टोबरात दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल व डिझेलवर 2 रुपयांचा असा अधिभार बसविला गेला. ट्रॅक्टरला डिझेल लागणारा दुष्काळी भागातला शेतकरीही तो भरणाऱ्यांत होता.

कर हवेतच, शाळेतला खडूही त्यातूनच येतो. पण तो कोण ठरवतो आणि कशावर बसतो, हे नागरिकाला मांडता आले पाहिजे. वरचे उदाहरण वेगळे आकडे घेऊन वर्गात जरूर सोडवावे.