तेंडुलकर : एका गावाचं आडनाव

"विजय तेंडुलकर हे सचिनचे कोण?" व्याख्यान संपलं की हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. तेव्हा आजचं उत्तर आधीच देऊन ठेवतो : आडनाव एक म्हणून नातं आहे असं होत नाही.

कुडाळ तालुक्यात तेंडोली हे गाव आहे. तेंडुलकर हे आडनाव तिथलं मानतात. वालावलचे वालावलकर, नेरूरचे नेरूरकर, परुळ्याचे परुळेकर, तसंच हे. आता गंमत बघा, गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरज नसते. ते लागतं गाव सुटल्यावर, परमुलखात कोणी "गाव खंयचो तुमचो?" विचारलं की. शिवाय एकाच गावातून वेगवेगळ्या कुळांची, जातींची माणसं बाहेर पडली, की सगळीच 'कर' होतात. म्हणून हे आडनाव रक्ताचा नव्हे, निघाल्या जागेचा पत्ता सांगतं.

नाटककार विजय, व्यंगचित्रकार मंगेश हे त्यांचे भाऊ आणि दूरदर्शनवरची 'रजनी' म्हणजे प्रिया ही विजयरावांची मुलगी. हे मात्र एकाच घरातले. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मुलाच्या नावापुढे त्यांचं नाव आज किती जणांना आठवतं?

पण आम्हाला थांबायचंय ते इतर तिघांपाशी. बेळगाव भागातले अयि तेंडुलकर बर्लिनला जाऊन पत्रकार झाले आणि तिथे 'मेट्रोपोलिस' या मूकपटाची पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बू यांच्याशी त्यांनी लग्न केलं. दीनानाथ गोपाळ तेंडुलकरांनी गांधीजींचं चरित्र आठ खंडांत लिहिलं. १९५१ पासून ते निघू लागलं, प्रस्तावना नेहरूंची. आजही गांधींवर लिहिणाऱ्याला हे खंड उघडावेच लागतात.

आणि सुरेश तेंडुलकर, अर्थशास्त्रज्ञ. गरिबी मोजायची कशी हे ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष. २००४-०५ साली देशात २७.५ टक्के लोक गरीब, असा सरकारी आकडा होता. समितीने २००९ च्या अहवालात शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्चही धरून हिशेब मांडला, तो आला ३७.२ टक्के. सुमारे दहा कोटी माणसं, जी कागदावर गरीब नव्हती, ती एकदम मोजणीत आली. पुढे याच रेषेवर ती फार खाली आहे म्हणून टीका झाली, वर्तमानपत्रांत 'तेंडुलकर समिती' रोज छापून येऊ लागली. आणि तेव्हाही आम्हाला कोणीतरी विचारलंच, हे सचिनचे कोण?