गोदामात हरवलेलं गाणं

मेम्फिस म्हटलं की बहुतेकांना एल्व्हिस प्रेस्ली आठवतो आणि जाणकारांना स्टॅक्स कंपनीचं सोल संगीत. याच शहरात १९७१ च्या सुमारास चार तरुणांनी एक बँड उभा केला. अ‍ॅलेक्स चिल्टन आणि ख्रिस बेल हे दोघं गाणी लिहीत, गात आणि गिटार वाजवत. अँडी हमेल बेस वाजवत असे आणि जोडी स्टीफन्स ड्रम. आर्डेंट या स्टुडिओत त्यांचं ध्वनिमुद्रण चाले. रस्त्यापलीकडे 'बिग स्टार' नावाचं किराणा दुकान होतं. त्याच्या पाटीवरून त्यांनी बँडला नाव दिलं, आणि १९७२ साली निघालेल्या पहिल्या तबकडीचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड'. या दोन्ही नावांतली थट्टा पुढे त्यांच्याच अंगावर आली. त्या तबकडीच्या १०,००० प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

आज पॉवर पॉप या संगीतप्रकाराचा इतिहास लिहिणारा कोणीही बिग स्टारपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मग एक प्रश्न हमखास विचारला जातो : आज ज्याला एवढा मान आहे, ते संगीत तेव्हा लोकांना का आवडलं नाही? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. ते लोकांनी ऐकलं आणि नाकारलं, असं घडलेलंच नाही. ते दुकानापर्यंत पोहोचलंच नाही. चांगलं पुस्तक छापून होतं आणि गोदामात पडून राहतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. विस्मृतीत गेलेल्या बँडचा इतिहास लिहायचा तर आधी गाण्यांकडे नव्हे, गोदामांकडे आणि करारांकडे पाहावं लागतं.

त्याआधी या संगीताविषयी थोडं. 'पॉवर पॉप' हा शब्द १९६७ साली 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडने आपल्या संगीताबद्दल वापरला. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं, चाल पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसणारी, दोन-तीन आवाजांची मिळून केलेली गायकी, आणि या गोडव्याखाली गिटार व ड्रम यांचा करकरीत जोर. बीटल्सकडून चाल घ्यायची आणि 'द हू'कडून ताकद, असं ढोबळमानाने म्हणता येईल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रॉक मात्र उलट दिशेने चालला होता. पंधरा-वीस मिनिटांच्या रचना, लांबलचक एकलवादन, भव्य मंच असा तो काळ. त्यात छोट्या, नेटक्या गाण्याचा आग्रह धरणं जुनाट वाटण्याची शक्यता होती. तरी तेवढ्याने कोणी बुडत नव्हतं. त्याच १९७२ साली क्लीव्हलंडच्या रास्पबेरीज या बँडचं याच धाटणीचं गाणं अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. म्हणजे ऐकणारे कान होते.

चिल्टन तर यशाला नवखाही नव्हता. १९६७ मध्ये, सोळाव्या वर्षी, बॉक्स टॉप्स या बँडसाठी त्याने 'द लेटर' गायलं. दोन मिनिटांहूनही लहान असलेलं ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण तिथे काय गायचं ते इतर लोक ठरवत. बिग स्टारमध्ये तो पहिल्यांदा मनासारखं लिहीत होता. बेलचं लक्ष ध्वनीवर होतं. एकेका आवाजावर तो तासन्‌तास काम करी. आर्डेंटचा मालक जॉन फ्राय स्वतः निष्णात ध्वनितज्ज्ञ होता आणि तरुण वादकांना त्याने स्टुडिओची दारं मोकळी ठेवली होती. पहिल्या तबकडीतला स्वच्छ, चमकदार आवाज या तिघांच्या मेहनतीतून आला. 'बिलबोर्ड' या व्यवसायाच्या साप्ताहिकाने तर यातलं कोणतंही गाणं स्वतंत्रपणे काढता येईल, अशा अर्थाचा अभिप्राय दिला.

अडचण पुढे आली. आर्डेंटच्या तबकड्या दुकानांपर्यंत पोहोचवण्याचं काम स्टॅक्सकडे होतं. स्टॅक्सची सगळी ताकद कृष्णवर्णीय श्रोत्यांची रेडिओ केंद्रं आणि सोल संगीताची दुकानं यांत होती. गोऱ्या मुलांचा गिटार बँड कुठे आणि कसा विकायचा, याची घडी तिथे बसलेली नव्हती. रेडिओवर गाणं वाजलं तरी त्या गावच्या दुकानात तबकडी नसायची. १९७२ मध्येच स्टॅक्सने कोलंबिया या बलाढ्य कंपनीशी वितरणाचा करार केला. वाटलं, आता मार्ग मोकळा झाला. झालं भलतंच. कोलंबियाला स्टॅक्सच्या जुन्या, स्वतंत्र वितरकांशी व्यवहार ठेवायचा नव्हता, त्यामुळे आधी दुकानांत गेलेल्या प्रतीसुद्धा मागे आल्या. १९७३ च्या मे महिन्यात, हा करार घडवून आणणारा कोलंबियाचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस याला नोकरीवरून काढलं गेलं आणि दोन कंपन्यांमधला कलह वाढत गेला. १९७४ च्या आरंभी बिग स्टारची दुसरी तबकडी 'रेडिओ सिटी' निघाली ती या भांडणाच्या ऐन मध्यात. तिच्या सुमारे २०,००० प्रती खपल्या. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचंच दिवाळं निघालं.

या सगळ्यात एक वर्ग असा होता, ज्याला तबकडी विकत घ्यावी लागत नव्हती : समीक्षक. त्यांना प्रती टपालाने फुकट जात. मे १९७३ मध्ये आर्डेंटच्या मंडळींनी रॉक संगीतावर लिहिणाऱ्यांचं एक संमेलनच मेम्फिसला भरवलं. तोपर्यंत पहिल्या तबकडीच्या अपयशाने खचलेला बेल बँड सोडून गेला होता. उरलेल्या तिघांनी त्या संमेलनात वादन केलं आणि लेखक मंडळी बेहद्द खूश झाली. बिग स्टार जगला तो या फुकटच्या प्रतींमुळे. ज्यांच्याकडे तबकडी होती ते बहुतेक लिहिणारे लोक होते, आणि त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. ज्यांनी ते लेख वाचले त्यांना मात्र दुकानात काही मिळत नव्हतं. दुर्मीळ तबकडीचं वलय तयार होतं ते नेमकं या अंतरातून.

तिसऱ्या तबकडीची कथा आणखी विचित्र. १९७४ च्या उत्तरार्धात चिल्टन आणि स्टीफन्स यांनी निर्माता जिम डिकिन्सनबरोबर ती गाणी मुद्रित केली. हमेलही तोवर बाहेर पडला होता. गाणी विस्कटलेली, उदास, मध्येच तुटणारी. ती छापायला कोणतीही कंपनी तयार होईना. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, ती बाजारात आली. बँड तेव्हा अस्तित्वात नव्हता, त्यामुळे गाण्यांचा क्रम काय आणि तबकडीचं खरं नाव 'थर्ड' की 'सिस्टर लव्हर्स', हेही नक्की ठरलेलं नव्हतं. वेगवेगळ्या आवृत्त्यांनी वेगवेगळा क्रम छापला. पाठभेद असलेल्या पोथीसारखी तिची अवस्था झाली.

बेल या काळात एकटाच काम करत होता. मधे त्याच्या भावाने त्याला युरोपात नेलं. तिथल्या स्टुडिओंत त्याने आपल्या गाण्यांवर काम केलं. पण घेणारी कंपनी मिळाली नाही, आणि मेम्फिसला परत येऊन तो वडिलांच्या उपाहारगृहाच्या व्यवसायात काम करू लागला. १९७८ मध्ये ख्रिस स्टेमी या तरुण संगीतकाराने आपल्या छोट्या कंपनीतर्फे त्याची दोन गाण्यांची एक तबकडी काढली. 'आय अ‍ॅम द कॉसमॉस' हे त्यातलं मुख्य गाणं. त्याच वर्षी २७ डिसेंबरला बेलची मोटार रस्त्याकडेच्या खांबावर आदळली आणि तो गेला. वय २७. त्याच्या नावाचा पूर्ण संग्रह १९९२ मध्ये, चौदा वर्षांनी प्रसिद्ध झाला.

पुनर्शोध ही एका रात्रीत घडणारी गोष्ट नसते. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या दोन तबकड्या जोडीने पुन्हा निघाल्या. १९८४ मध्ये 'दिस मॉर्टल कॉइल' या ब्रिटिश समूहाने 'थर्ड'मधली दोन गाणी गायली. १९८६ मध्ये बँगल्स या लोकप्रिय बँडने 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं, आणि १९८७ मध्ये रिप्लेसमेंट्सने चक्क 'अ‍ॅलेक्स चिल्टन' याच नावाचं गाणं काढलं, तेही आर्डेंटमध्ये मुद्रित करून. १९९३ मध्ये मिझुरी विद्यापीठात चिल्टन आणि स्टीफन्स पुन्हा बिग स्टार म्हणून मंचावर आले. सोबतीला पोझीज या बँडचे दोन तरुण वादक होते, जे या गाण्यांवरच वाढले होते.

या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा मात्र दिसत नाही. तो आहे कपाटातल्या चुंबकीय फितींचा. फ्रायने आर्डेंट बंद पडू दिला नाही आणि फिती जपल्या. म्हणून २००९ मध्ये चार तबकड्यांचा मोठा संच निघू शकला. मोठ्या कंपनीकडे फिती सुरक्षित राहतातच असं नाही. २००८ च्या जूनमध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत असंख्य मूळ मुद्रणं जळली. लहान बँडच्या बाबतीत मूळ फीत गेली, तर उरलेली तबकडी हाच एकमेव पुरावा ठरतो. संग्राहकाचा हव्यास कधीकधी अभिलेखागाराचं काम करतो, तो असा.

बिग स्टार एकटा नव्हता. इलिनॉयमधल्या झायन गावच्या शूज या बँडने १९७७ मध्ये घरच्या दिवाणखान्यात, चार पट्ट्यांच्या यंत्रावर 'ब्लॅक व्हिनिल शूज' मुद्रित केली आणि स्वतःच १,००० प्रती छापल्या. नर्व्ह्‌ज या त्रिकुटाने १९७६ मध्ये चार गाण्यांची एकच छोटी तबकडी काढली. त्यातलं एक गाणं दोन वर्षांनी ब्लाँडीने गायलं आणि ते जगभर गाजलं. कॅन्सस सिटीतल्या टायटन या चिमुकल्या कंपनीची गाणी २००९ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने संकलित करून पुन्हा काढली. अशा संकलनांमुळे एकेकट्या तबकड्यांच्या जागी एक परंपरा दिसू लागली.

इथे एक सावधगिरी हवी. दुर्मीळ म्हणजे उत्तम, हे समीकरण बाजाराचं आहे. कित्येक तबकड्या दुर्मीळ आहेत, कारण त्या सामान्य होत्या. शिवाय जुनी प्रत चढ्या भावाने विकली जाते तेव्हा तो पैसा विकणाऱ्याकडे जातो. गाणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. पुनर्मुद्रण झालं, कोणी गाणं पुन्हा गायलं, तरच मानधन पोहोचतं आणि तेही बेताचं. बिग स्टारचं 'इन द स्ट्रीट' हे गाणं १९९८ पासून एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकगीत झालं. दर प्रक्षेपणामागे आपल्याला ७० डॉलर मिळतात, असं चिल्टनने सांगितलं होतं. मालिकेच्या नावातही सत्तरचं दशक असल्याने त्याला याची गंमत वाटे. १७ मार्च २०१० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये हृदयविकाराने तो गेला. आधी काही दिवस त्रास होत असूनही तो डॉक्टरकडे गेला नव्हता. आरोग्यविमा नव्हता, हे त्याचं एक कारण होतं, असं त्याच्या पत्नीने सांगितलं. तीनच दिवसांनी ऑस्टिनला बिग स्टारचा कार्यक्रम ठरलेला होता. तो त्याच्या श्रद्धांजलीचा झाला. त्याच वर्षीच्या जुलैत हमेल गेला, २०१४ मध्ये फ्राय.

पुनर्शोधाने गाणं परत येतं, माणसाची वर्षं येत नाहीत. म्हणून अशा बँडविषयी 'काळाच्या पुढे होते' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्या वाक्यात दोष श्रोत्यांच्या पदरी पडतो आणि करार करणारे, प्रती परत मागवणारे नामानिराळे राहतात. बिग स्टार काळाच्या पुढे नव्हता. १९७२ च्या श्रोत्यासाठी, १९७२ च्या रेडिओसाठीच त्याची गाणी बांधलेली होती. एखादी जुनी, विसरलेली तबकडी हाती आली तर गाणं जरूर ऐकावं. मग पाकीट उलटून तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं वितरकाचं नावही वाचावं. पुष्कळदा ती का विसरली गेली याचं उत्तर त्या एका ओळीत असतं.